बाजरीच्या माहेरी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी हे आपल्याकडचे ठरलेले जेवण. बाजरी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधी काळी दुसऱ्या मुलखातून इथे आली असेल, असे मनातही येत नाही. पण पिकांचा इतिहास शोधणारे पुरातत्त्वज्ञ सांगतात, की बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिकेत आहे. आजच्या माली देशाच्या ईशान्येला, सहारा वाळवंटाच्या कडेला, टिलेम्सी नावाचे खोरे आहे. तिथे सापडलेल्या खापरांमध्ये लागवडीच्या बाजरीचे ठसे मिळाले आहेत, आणि ते इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराचे आहेत. त्यानंतर काही शतकांतच ही बाजरी समुद्र ओलांडून भारतात पोचली. आपल्या चवळीचेही तसेच आहे. आजच्या घानामधल्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या वस्त्यांत चवळीचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे बाजरीची भाकरी आणि चवळीची उसळ असे साधे जेवण ताटात वाढले, तर त्यातले दोन्ही पदार्थ मुळात आफ्रिकेचे!

असे असूनही पश्चिम आफ्रिका म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? फुगलेल्या पोटाची, काटकुळ्या हातापायांची उपाशी मुले. ज्या भूमीने आपल्याला बाजरी दिली, तिची ओळख उपासमारीशी का जोडली गेली? तिथले लोक पूर्वी काय खात होते? त्या अन्नाने त्यांची प्रकृती कशी राखली, आणि मधल्या काळात काय बिघडले? आज आपल्याला याच प्रश्नांचा विचार करायचा आहे.

सुरुवात एका प्रवाशापासून करू. इब्न बतूता हे नाव आपल्याला नवे नाही. मोरोक्कोतला हा माणूस महंमद तुघलकाच्या दरबारी काझी होता, आणि दिल्लीहून खंबायतकडे जाताना आपल्या दौलताबादवरून, नंदुरबारवरून गेला होता. हाच इब्न बतूता पुढे १३५२ साली सहारा ओलांडून माली साम्राज्यात गेला. वाळवंट संपल्यावर वलाता या गावी त्याचे पहिले स्वागत झाले, ते अर्ध्या तुंब्यात कालवलेल्या बाजरीने. भरडलेली बाजरी, थोडा मध आणि दूध. दरबारी मेजवान्यांना सरावलेल्या इब्न बतूताला हा पाहुणचार फारच हलका वाटला. एवढ्यासाठीच आम्हाला बोलावले होते का, अशा अर्थाची नाराजी त्याने नोंदवून ठेवली आहे. आज एखाद्या आहारतज्ज्ञाला विचारा. लांबचा उन्हातला प्रवास करून आलेल्या माणसाला देण्यासाठी बाजरी, दूध आणि मध याहून बरे काही त्यालाही चटकन सुचणार नाही.

पुढच्या वाटेचे त्याने केलेले वर्णन तर फार मोलाचे आहे. या रस्त्याने जाणाऱ्याला शिधा बांधून न्यावा लागत नाही, असे तो लिहितो. गाव आले की बायका बाजरी, दूध, कोंबड्या, बोरांचे पीठ, तांदूळ आणि चवळीचे पीठ विकायला घेऊन येतात. त्याच यादीत तो मोहरीएवढ्या बारीक दाण्याच्या एका धान्याचा उल्लेख करतो आणि त्याचे नाव फूनी असे देतो. हेच आजचे फोनिओ. पावणेसातशे वर्षांपूर्वीची ही यादी पाहिली, तर तिच्यात तृणधान्ये आहेत, कडधान्य आहे, दूध आहे, फळ आहे. ही कुठल्या राजाच्या मुदपाकखान्यातली यादी नव्हे. ती वाटेवरच्या खेड्यांतली आहे.

राजधानीत पोचल्यावर मात्र त्याच्यावर वेगळाच प्रसंग आला. तिथे अळकुडीसारख्या एका कंदाचा लापशीवजा पदार्थ त्याने व त्याच्या सोबत्यांनी खाल्ला. सहाही जण आजारी पडले, एक दगावला. इब्न बतूता स्वतः फजरच्या नमाजात बेशुद्ध होऊन पडला. एका इजिप्शियन माणसाने वांतीचे औषध देऊन त्याला वाचवले, पण पुढे दोन महिने तो आजारीच होता. गंमत अशी, की हा पदार्थ तिथल्या लोकांच्या सर्वांत आवडीचा होता, असेही तोच सांगतो. अन्न आणि विष यांतले अंतर कधी कधी फार थोडे असते आणि ते अंतर राखणे हेच स्वयंपाकघरातले खरे शास्त्र असते. पश्चिम आफ्रिकेच्या खाद्यपरंपरेत हे शास्त्र किती मुरलेले आहे, ते आपण पुढे पाहूच.

आता त्या जेवणाची मांडणी समजून घेऊ. सेनेगलपासून नायजेरियापर्यंत मुलूख मोठा आहे. भाषा शेकड्यांनी आहेत. तरी जेवणाचा साचा पुष्कळसा सारखा आहे. एक घट्ट शिजवलेला गोळा आणि त्याबरोबर एक दाट कालवण. गोळा उत्तरेकडे बाजरी-ज्वारीचा, दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात सुरण-गराडूच्या जातीच्या कंदांचा. बुर्किना फासोमध्ये त्याला टो म्हणतात, हौसा लोक तुवो म्हणतात, घानाकडे कांडलेल्या कंदांचा फुफू असतो. घास मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि गिळायचा. आपल्या भाकरी-कालवणाशी किंवा कर्नाटकातल्या नाचणीच्या मुद्द्याशी याचे नाते लगेच ध्यानात येते.

बाहेरून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि प्रवाशांना यातला फक्त गोळाच दिसला. हे लोक नुसते पीठ खाऊन जगतात, अशी समजूत त्यामुळे पसरली. खरे पोषण कालवणात होते. त्या कालवणात काय काय असायचे? पहिली गोष्ट पाने. आपल्या मुंबई-वसईकडे क्वचित दिसणारा गोरखचिंचेचा अजस्र वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. त्याची पाने वाळवून, कुटून त्यांची भुकटी वर्षभर ठेवतात आणि तिने कालवण दाट करतात. हौसा भाषेत या भुकटीला कुका म्हणतात, सेनेगलमध्ये लालो. याच झाडाच्या फळातला आंबट पांढरा गर पाण्यात कालवून पितात. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. घानातले लोक अळूच्या जातीच्या पानांचे कालवण करतात. सिएरा लिओन आणि लायबेरियात रताळ्याचा कोवळा पाला रोजच्या जेवणात असतो. नायजेरियात कडू पानांची एक भाजी आहे. ती चोळून, धुऊन कडूपणा बेताचा राखतात. लाल अंबाडीच्या फुलांच्या मांसल पाकळ्यांपासून सेनेगलमध्ये बिसाप नावाचे गडद तांबडे सरबत होते. आणि आपला शेवगा? हिमालयाच्या पायथ्याशी उगम असलेला शेवगा तिकडे जाऊन इतका रुजला, की नायजर देशात त्याचा उकडलेला पाला, झोगाले, बाजारात रोज विकला जातो. आपण शेंगांच्या मागे लागलो, त्यांनी पाल्याचे मोल ओळखले. ही देवघेव एकेरी नव्हती, हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

कालवणातली दुसरी गोष्ट तेल. दक्षिणेकडच्या दमट पट्ट्यात पामच्या फळांचे लालभडक तेल वापरतात. आपल्याकडे दुकानात मिळणारे पामोलीन याच झाडाचे असले, तरी ते शुद्ध करताना त्याचा रंग काढून टाकलेला असतो. तो लाल रंग म्हणजे कॅरोटीन. शरीर त्याचे अ जीवनसत्त्व बनवते, आणि रातांधळेपणा रोखायला ते लागते. पालेभाजीतले कॅरोटीनही स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्ले तरच अंगी लागते. पाला आणि लाल तेल एकाच भांड्यात शिजवणाऱ्या आफ्रिकन बाईला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. तिच्या मुलाला संध्याकाळी नीट दिसत होते, एवढे तिला पुरेसे होते. या तेलाचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. ब्रिटनने १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यावर त्याच किनाऱ्यावरून पाम तेलाचा व्यापार वाढला. ते साबणासाठी, मेणबत्त्यांसाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी इंग्लंडला जाऊ लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा वास सर्वांत उग्र! नेरे नावाच्या झाडाच्या शेंगांतल्या बिया कित्येक तास उकडायच्या, त्यांची टरफले काढायची, पुन्हा शिजवायच्या आणि पानांत झाकून दोन-तीन दिवस आंबवायच्या. मग त्यांचे काळपट गोळे करून वाळवायचे. माली-बुर्किनात याला सुम्बाला म्हणतात, हौसा भाषेत दावादावा, योरुबा लोकांत इरू, सेनेगलमध्ये नेटेटू. चिमूटभर सुम्बालाने कालवणाला मांसाची चव येते, आणि चवीबरोबर प्रथिनेही. ज्या घरात मांस-मासळी रोज परवडत नाही, तिथे हा मोठाच आधार. या झाडाचे शास्त्रीय नाव पार्किया. मंगो पार्क या स्कॉटिश डॉक्टराच्या स्मरणार्थ ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने दिले. आपल्या पुण्या-मुंबईच्या बागांतले, चेंडूसारखी फुले लोंबणारे चेंडूफळाचे झाडही याच कुळातले.

मंगो पार्क १७९६ साली नायजर नदीच्या काठी सेगू गावापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्याजवळ काही उरले नव्हते. एका बाईने त्याला घरात घेतले, मासा भाजून खाऊ घातला. रात्री सूत कातणाऱ्या बायकांनी या एकट्या परक्या माणसाची कीव करणारे एक गाणे तिथल्या तिथे रचले, असे त्याने लिहून ठेवले आहे. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ती बाई परकी वाटली नसती. पण मला आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या झाडाला पाहुण्याचे नाव मिळाले. त्याच्या बियांपासून सुम्बाला करण्याची युक्ती शोधणाऱ्या बायांचे नाव कुठेच राहिले नाही.

आंबवण्याची ही विद्या इथेच थांबत नाही. बाजरी किंवा मका भिजवून, वाटून, गाळून आंबवायचा आणि त्याची पातळ पेज लहान मुलांना, आजाऱ्यांना द्यायची. नायजेरियात तिला ओगी म्हणतात, घानात कोको. आपल्या आंबिलीचीच ही बहीण. आंबवल्याने पेज आंबट होते आणि त्या आंबटपणात रोगजंतू सहजी वाढत नाहीत. शिवाय धान्यातले लोह शरीरात शोषले जाण्याला जे घटक अडथळा करतात, ते आंबवल्याने कमी होतात. भिजवलेली, सोललेली चवळी वाटून तळलेले वडे या पेजेबरोबर खातात. रमजानमध्ये कानो शहरात रोजा सोडताना पेज आणि हे वडे, म्हणजे कोसाई, हमखास असतात. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात ते चवळीत असतात, आणि चवळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एकत्र आले की जेवण पुरे होते.

विषाच्या गोष्टीकडे पुन्हा येऊ. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो कसावा, म्हणजे टॅपिओका, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आफ्रिकेत नेला. त्याच्या कडू जातीत शरीराला मारक असे सायनाइड तयार होते. कंद किसायचा, पोत्यात भरून वर दगड ठेवून दोन-चार दिवस आंबू द्यायचा, पाणी निथळू द्यायचे, मग चाळून मोठ्या कढईत परतायचा. यातून जो रवा तयार होतो तो गारी. या प्रत्येक पायरीला थोडे थोडे विष निघून जाते. पायऱ्या गाळल्या, घाई केली, किंवा गरिबीमुळे दुसरे काहीच खायला उरले नाही, तर शरीर त्याची किंमत मोजते. नायजेरियातले मेंदुविकारतज्ज्ञ ओसुंतोकुन यांनी १९६० च्या दशकात हातापायांतली संवेदना जाणे, तोल जाणे, नजर मंदावणे अशा आजाराचा अभ्यास केला. केवळ कसाव्यावर जगणाऱ्या गावांत तो अधिक दिसतो, असे त्यांनी मांडले. म्हणजे परंपरा ही नुसती वस्तू नसते. ती एक कृती असते, आणि कृतीतली पायरी चुकली की वस्तू तीच राहूनही अन्न बदलते.

आता बिघाडाची कहाणी. तिची सुरुवात गुलामगिरीपासून होते. जहाजांतून माणसे नेली तशी त्यांच्याबरोबर त्यांची पिकेही गेली. चवळी गेली आणि आफ्रिकेचा स्वतःचा तांदूळही गेला. होय, आशियाई तांदळाहून वेगळा असा भात नायजर नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आला होता. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनाची भातशेती उभी राहिली, तिच्यामागे या भागातून नेलेल्या गुलामांचे ज्ञान होते, असे काही इतिहासकारांनी साधार मांडले. २००१ साली आलेले ज्युडिथ कार्नी यांचे पुस्तक त्यात विशेष गाजले. या ज्ञानाचा वाटा नेमका किती, यावर विद्वानांत वाद आहे. पण सुरिनाममध्ये गुलामगिरीतून पळून जंगलात राहिलेल्या लोकांची एक कथा सांगितली जाते, की त्यांच्या आज्यांनी केसांच्या वेण्यांत भाताचे दाणे लपवून आणले होते. २०१६ साली तिथल्या अशा भाताची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्याचे मूळ आयव्हरी कोस्टच्या पश्चिम भागातल्या भाताशी जुळले. वेणीतल्या दाण्यांचा पुरावा अर्थातच मिळणार नाही. बियाणे तिकडूनच आले, एवढे मात्र नक्की झाले.

मग वसाहतींचा काळ आला. सेनेगलमध्ये फ्रेंचांनी भुईमूग पिकवून घेतला. बाजरीची शेते तेलबियांखाली गेली आणि लोकांच्या पोटासाठी इंडोचायनातून तांदळाची कणी येऊ लागली. चेबू जेन हा मासे-भाताचा सेनेगली पदार्थ याच कणीतून जन्मला. तो रुचकर आहेच, २०२१ साली युनेस्कोने त्याला मानवतेच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. पण त्याच्या प्रत्येक घासामागे बाजरीचे एक हरवलेले शेत आहे, हेही विसरू नये. इंग्रजांच्या ताब्यातल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, कोकोची लागवड इतकी वाढली, की १९११ साली तो प्रदेश कोको पिकवणाऱ्यांत जगात पहिला झाला. जगाला चॉकलेट मिळाले.

त्याच गोल्ड कोस्टमध्ये १९२९ साली डॉ. सिसिली विल्यम्स दाखल झाल्या. जमैकात जन्मलेल्या, ऑक्सफर्डला शिकलेल्या या बालरोगतज्ज्ञ. अक्रा शहरात त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुले येत. हातपाय सुजलेले, पोट फुगलेले, केस तांबूस झालेले, कातडी सोललेली. पाठ्यपुस्तकांत या आजाराला नाव नव्हते. विल्यम्सबाईंनी एक साधी गोष्ट केली, जी तेव्हा फारसे कोणी करत नसे. त्यांनी मुलांच्या आयांना विचारले, की तुम्ही याला काय म्हणता? गा भाषेतला एक शब्द त्यांना मिळाला: क्वाशिओरकोर. त्याचा अर्थ, पाठचे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. आईचे दूध तुटते, मांडीवरची जागा जाते, आणि ताटात येते ती मक्याची नुसती पेज. निदान त्या एका शब्दातच होते. विल्यम्स यांनी १९३३ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो शब्द जगापुढे ठेवला. हा पेलाग्रा नावाचा जुनाच रोग आहे, असे म्हणून अनेक जाणत्या डॉक्टरांनी त्यांना विरोध केला. आज तो शब्द जगातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकावा लागतो. केवळ प्रथिने कमी पडल्याने तो होतो इतके ते सरळ नाही, असे आताचे संशोधन सांगते. पण त्या आयांनी नेमकी वेळ आणि नेमके कारण हेरले होते, यात शंका नाही.

मी शब्दांत रमणारा माणूस. मला राहून राहून वाटते, की एखाद्या समाजाला अशा आजारासाठी स्वतंत्र शब्द लागावा, यातच किती दुःख साचले असेल! आणि त्याच विल्यम्सबाईंनी १९३९ साली सिंगापूरला भाषण करून डबाबंद गोड दूध तान्ह्या मुलांना पाजण्याची जाहिरात करणाऱ्यांवर तोफ डागली. त्या भाषणाला त्यांनी ‘दूध आणि खून’ अशा अर्थाचे शीर्षक दिले होते.

मित्रहो, इथे एक सावधगिरीचा शब्द सांगायला हवा. जुने ते सगळे सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पाऊस सुरू झाला पण पीक हाती आले नाही, असे दोन-तीन महिने साहेल प्रदेशात दरवर्षी टंचाईचे असतात, आणि ते पूर्वीही होते. मुलांना अंडी दिली तर ती चोर होतील, अशी समजूत नायजेरियाच्या काही भागांत होती. म्हणजे घरात कोंबडी असूनही अंडे लेकराच्या तोंडी जात नसे. परंपरेत शहाणपण असते तसे अज्ञानही असते. दोन्ही निवडून घ्यावे लागते, जसे सुपात धान्य निवडतो.

पण निवडताना एक मेख असते. निवडणारा कोण, यावर पुष्कळ काही ठरते. फोनिओचेच पाहा. माळरानातल्या हलक्या जमिनीत, थोड्या पावसात येणारे हे धान्य. काही जाती तर दोन महिन्यांच्या आत तयार होतात, म्हणून टंचाईच्या दिवसांत सगळ्यांत आधी हेच हाताशी येते. इतर धान्यांत कमी पडणारे मेथिओनिन आणि सिस्टिन हे घटक यात चांगल्या प्रमाणात आहेत. मालीतल्या डोगोन लोकांच्या सृष्टीकथेत सारे विश्व फोनिओच्या एका इवल्या दाण्यातून निर्माण झाले. आणि युरोपीय लोकांनी त्याला नाव काय दिले? भुकेचा तांदूळ! ज्या धान्याने भूक भागवली, त्यालाच भुकेचे नाव चिकटले. एकदा असे नाव पडले, की शहरात गेलेला मुलगा ते खायला लाजतो. आपल्याकडे वरी, कोद्रा, नाचणी यांचे याहून वेगळे काय झाले?

फोनिओ मागे पडायला आणखी एक कारण होते. दाणा इतका बारीक, की तो उखळात कांडून त्याचा कोंडा काढणे म्हणजे बायकांच्या मनगटांची कसोटी. सेनेगलमधले अभियंते सानुसी दियाकिते यांनी हे काम मिनिटांत करणारे यंत्र तयार केले आणि त्यासाठी त्यांना १९९६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. परंपरा टिकवायची, तर तिचे ओझे कुणाच्या पाठीवर आहे तेही पाहावे लागते.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही ताट पूर्ववत झाले नाही. शहरे वाढली. गव्हाचा पाव आणि आयात तांदूळ ही प्रतिष्ठेची खूण झाली. डाकारपासून लेगॉसपर्यंत कालवणात सुम्बालाऐवजी खारट चवीचे कारखानी मसाल्याचे ठोकळे पडू लागले. रक्तदाब आणि मधुमेह हे आता तिथल्या शहरांचेही दुखणे झाले आहे. बुर्किना फासोचे अध्यक्ष थॉमस सांकारा यांनी १९८३ ते १९८७ या आपल्या अल्प कारकिर्दीत आपल्याच मातीत पिकलेले खा, आपल्याच मागावर विणलेले नेसा, असा आग्रह धरला. आपल्या स्वदेशीच्या चळवळीची आठवण यावी, असेच ते बोलणे होते. आयात धान्यावरचे अवलंबन म्हणजे गुलामगिरीच, असे ते मानत.

त्याच बुर्किना फासोतल्या एका खेड्यातल्या मुलांचा अभ्यास इटलीच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केला. बाजरी, ज्वारी, चवळी आणि पालेभाज्या खाणारी ही मुले आणि फ्लॉरेन्स शहरातली मुले, यांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव त्यांनी ताडून पाहिले. खेड्यातल्या मुलांच्या पोटात चोथा पचवणारे आणि आतड्याला उपकारक आम्ले तयार करणारे जीवाणू विपुल होते. शहरी मुलांत ते फार कमी होते. मुले मोजकीच होती, तेव्हा यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण या विषयातल्या पुढच्या अनेक अभ्यासांनी हाच धागा पुढे नेला. नायजर देशात २००५ साली मोठी टंचाई आली, तेव्हा शेंगदाण्याचा कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांच्या पाकीटबंद मिश्रणाने हजारो कुपोषित मुले घरच्या घरी बरी झाली. शेंगदाणा आणि दूध! आपल्या लाडवाच्या डब्यातलेच सामान ते.

शेवटी पुन्हा बाजरी. टोगो या चिमुकल्या देशाच्या उत्तर भागातली ठसठशीत दाण्याची, लवकर येणारी एक देशी बाजरी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत आणली गेली. तिच्यातून निवड करत शास्त्रज्ञांनी एक वाण तयार केले, आणि पुढे त्याचेच अधिक लोह असलेले रूप ‘धनशक्ती’ या नावाने २०१२ साली महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी आले. महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळकरी मुलांना अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकरी काही महिने रोज देऊन पाहिल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या शरीरातले लोह वाढल्याचे दिसले. चार हजार वर्षांपूर्वी जी लेक माहेराहून आली, तिच्या मागोमाग माहेरचा हा दुसरा आहेर आला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. २०२४ साली आयव्हरी कोस्टच्या अचेके या कसाव्याच्या पदार्थाची कृती युनेस्कोच्या यादीत गेली. हे सगळे चांगलेच आहे. मात्र गौरवाने पोट भरत नाही. मोठ्या शहरांतल्या दुकानांत फोनिओ महागडे अन्न म्हणून विकले जाते, तेव्हा ते पिकवणाऱ्या बाईच्या हाती काय पडते, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे मेळघाटातल्या आईलाही तोच प्रश्न विचारता येईल.

पश्चिम आफ्रिकेच्या आयांनी जगाला क्वाशिओरकोर हा शब्द दिला. जगाने तो पुस्तकांत घेतला, परीक्षांना लावला. पण त्याच आयांनी कुका, सुम्बाला, ओगी, फोनिओ हेही शब्द दिले होते. ते आजार टाळणारे शब्द होते. आजाराचे नाव सर्वांना पाठ झाले आणि अन्नाची नावे मात्र त्यांच्या चुलीपाशीच राहिली. निदान आपण, ज्यांच्या घरी त्यांची बाजरी रोज भाजली जाते, त्यांनी तरी ती ऐकून ठेवावीत.